ड्रायव्हर धरावा की टीम? 2026 च्या एफ-वन हंगामाआधी

नव्याने एफ-वन, म्हणजे फॉर्म्युला वन गाड्यांच्या शर्यती, बघायला लागलेला माणूस पहिल्या दोन-तीन शर्यतींतच अडतो. मागे कुणाच्या लागायचं? आपला नारायण कार्तिकेयन 2012 मध्ये शेवटचा धावला, नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवरची शर्यत 2013 नंतर झालीच नाही. आपलं म्हणावं असं मैदानात कुणीच नाही, त्यामुळे निवड मोकळी आहे आणि म्हणूनच अवघडही.

संभाजीनगरात हा वाद जरा जास्तच रंगतो, कारण इथे निम्मी पोरं वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याच्या कुठल्या ना कुठल्या शॉपवर आहेत. ब्रेकची कास्टिंग, शॉकअपचे पाइप, गिअर रोज हातातून जातात. त्यांचं मत ठाम: "भाऊ, सगळा खेळ गाडीचा. चांगली गाडी दिली तर कुणीबी जिंकंल." दुसरी बाजू रेड बुल टीमच्या व्हर्स्टॅपनच्या टोप्या घालून बसलेली, ती म्हणते माणूसच सगळं. नवा गडी मधे बसून विचारतो, मग मी धरू काय?

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं निम्मं बरोबर आहे. गाडी कुठवर जाऊ शकते ते टीम ठरवते. ती तिथवर रोज कोण नेतो, तो ड्रायव्हर. आणि हे मोजायची पट्टी एकच, त्याच टीममधला दुसरा ड्रायव्हर. इंजिन तेच, टायर तेच, इंजिनिअरही त्याच इमारतीत बसणारे. म्हणून गुणतक्ता बघायचा तर वरून खाली वाचू नका, जोडी-जोडीनं वाचा.

रेड बुलची दुसरी खुर्ची

याचं सगळ्यात उघडं उदाहरण रेड बुल. डॅनियल रिकार्डो 2018 अखेरीस टीम सोडून रेनॉला गेला, तेव्हापासून व्हर्स्टॅपनशेजारची खुर्ची कुणालाच मानवलेली नाही. गॅस्ली 2019 मध्ये 12 शर्यतींत खाली, रेड बुलच्याच लहान टीमकडे धाडला गेला. अल्बन दीड हंगाम टिकला. पेरेझ चार वर्षं राहिला, पण 2024 मध्ये व्हर्स्टॅपनचे 437 गुण आणि त्याचे 152. लॉसनला तर 2025 मध्ये दोन शर्यतीच मिळाल्या. मेलबर्नला पात्रता फेरीत (शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) 18 वा, चीनमध्ये सगळ्यात शेवटी, आणि तिसऱ्या शर्यतीला त्याच्या जागी त्सुनोदा. तोही वर्षभर झगडला. आता 2026 ला तिथं इसाक हाजार बसतोय.

आता गंमत बघा. गॅस्लीला खाली धाडलं आणि त्यानं त्याच वर्षी ब्राझीलला दुसरा नंबर काढला, पुढच्या वर्षी लहान टीमच्या गाडीत मोंझा जिंकलं. लॉसन लहान टीममध्ये परत गेल्यावर बाकूला पाचवा आला. अल्बन विल्यम्सचा भरवशाचा माणूस झाला. म्हणजे ही माणसं कच्ची नव्हती. रेड बुलची गाडी पुढच्या चाकांवर अतिशय तिखट, मागची बाजू सैल. स्टिअरिंगला जरा हात लावला की नाक वळतं आणि मागून गाडी निसटायला बघते. व्हर्स्टॅपनला तशीच लागते, तो त्या निसटण्यावरच जोर काढतो. बाकीच्यांना मागची बाजू धरून राहील असा भरवसा हवा असतो. तो नसला की ते वळणात शिरताना किंचित थांबतात, आणि तिथंच शर्यत जाते.

शंकरपट बघितलेल्याला हे पटकन कळेल. स्वतःच्या दावणीची जोडी कुणीही हाकतो, अनोळखी बैलांच्या मागे उभा राहून जो पहिल्याच फेरीत वेळ काढतो त्याचं नाव पंचक्रोशीत होतं.

फरक नेमका कुठे पडतो

सरळ रस्त्यावर 22 च्या 22 ड्रायव्हर सारखेच. पाय खाली दाबून धरायला अक्कल लागत नाही. फरक ब्रेकवर पडतो. मोंझाचं पहिलं वळण घ्या. ताशी 330 च्या वरून गाडी 80 च्या आसपास आणायची, तीही दोनेक सेकंदांत. सुरुवातीला पेडलवर शंभर किलोच्या वर जोर पडतो, कारण त्या वेगाला हवा गाडीला खाली दाबून धरते आणि चाकं अडकत नाहीत. वेग उतरला की हवेचा दाबही उतरतो, म्हणून पायही त्याच हिशोबानं उचलत न्यायचा. ब्रेक पूर्ण न सोडता, थोडा ठेवून गाडी वळणात घालायची, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर राहतं आणि नाक आत येतं. पाय जरा लवकर उचलला तर गाडी बाहेर जाते. जरा उशिरा उचलला तर मागचं चाक सुटतं. चांगला ड्रायव्हर हे दहापैकी आठ वेळा जमवतो. वरच्या फळीतला दहाच्या दहा वेळा, आणि टायर झिजत, टाकी हलकी होत, पाऊस येत-जात असताना.

यातून लॅपमागे, म्हणजे सर्किटच्या एका फेरीमागे, दशांश सेकंद निघतो. दशांश म्हणजे किती? ताशी 300 ला गाडी सेकंदाला 83 मीटर जाते, म्हणजे दशांशात आठ मीटर. एका गाडीपेक्षा जास्त अंतर. पन्नास-साठ लॅप गुणा.

दुसरी गोष्ट पडद्यावर दिसत नाही, रेडिओवर ऐकू येते. काही जण शर्यतीत दोन वाक्यं बोलतानाही धापा टाकतात. अलोन्सो गाडी चालवता चालवता मैदानातल्या मोठ्या पडद्यावर मागच्यांची शर्यत बघून इंजिनिअरला डाव सांगतो. गाडी हाकायलाच ज्याचं सगळं डोकं लागतं, त्याच्याकडे शर्यत खेळायला काही शिल्लक राहत नाही.

पुरावा हवा असेल तर 2024 चं ब्राझील शोधून बघा. धो धो पाऊस, व्हर्स्टॅपन 17 व्या जागेवरून सुटला आणि जवळजवळ 20 सेकंदांनी जिंकला. पहिल्या जागेवरून सुटलेला मॅकलारेनचा नॉरिस सहावा आला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मॅकलारेनची गाडी सरस होती, हे विसरू नका.

टीम बदलणारे

ड्रायव्हर धरलात तर त्याच्याबरोबर तुम्हालाही घर बदलावं लागतं. त्यात तीन जातीचे लोक भेटतात.

हॅमिल्टननं 2013 ला मॅकलारेन सोडून मर्सिडीज धरली तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. मर्सिडीजनं 2010 ला परतल्यापासून एकच शर्यत जिंकलेली. पण 2014 ला इंजिनाचे नियम बदलणार होते आणि मर्सिडीजची त्याची तयारी आधीपासून चाललेली होती. पुढे सहा विजेतेपदं. तोच हॅमिल्टन 2025 ला फेरारीत गेला आणि वर्षभरात मुख्य शर्यतीत एकदाही पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, चढला नाही. चीनची छोटी स्प्रिंट शर्यत जिंकला, बस. टीममधला जोडीदार लेक्लर्कचे 242 गुण, त्याचे 156. शेवटच्या तीन शर्यतींत पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर. वय झालं म्हणणारे भरपूर आहेत. मला ते अर्धवट वाटतं. जमिनीला चिकटून धावणाऱ्या 2022 ते 2025 च्या गाड्या त्याच्या ब्रेक मारायच्या पद्धतीला कधी मानवल्याच नाहीत, मर्सिडीजमध्येही नाहीत. त्या गाड्या आता जाताहेत. 2026 ला त्याच्याकडे सबब उरत नाही, म्हणून त्याच्यावर नजर ठेवण्यासारखी आहे.

अलोन्सो हा उलटा मासला. हातात कौशल्य हॅमिल्टनच्या तोडीचं, निवड मात्र दर वेळी उलटी पडली. 2007 ला मॅकलारेनमध्ये नवख्या हॅमिल्टनशी भांडण, दोघांचे 109 गुण आणि 110 वर रायकोनेन विजेता. फेरारीत 2010 ला चार आणि 2012 ला तीन गुणांनी विजेतेपद हुकलं. मग 2015 ला मॅकलारेन-होंडा, अख्ख्या वर्षात 11 गुण. शेवटचा विजय 2013 चा. यंदा अॅस्टन मार्टिनकडे पुन्हा होंडाचंच इंजिन आहे! जोडीला नावाजलेला गाडी-डिझायनर एड्रियन न्यूईची गाडी. जुलैत 45 वर्षांच्या होणाऱ्या माणसाच्या मागे लागायचं तर काळीज घट्ट करून लागा.

तिसरा साइन्झ. त्यानं फेरारी सोडली नाही, हॅमिल्टनसाठी त्याला जागा खाली करायला लावली. ते कळल्यावर 2024 ला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि दोन आठवड्यांत त्यानं ऑस्ट्रेलिया जिंकली. विल्यम्समध्ये आला, सुरुवातीला अल्बनच्या मागे चाचपडला, मग बाकूला आणि कतारला तिसरा. नव्या गाडीत पाय बसायला अर्धं वर्ष घेणारा, पण बसल्यावर खालच्या टीमलाही पोडियम देणारा. व्हर्स्टॅपनच्या ओळीत मी त्याला बसवणार नाही, त्याच्या लगेच खाली मात्र नक्की.

जुन्यांपैकी शूमाकरचं एकच सांगतो. तो 1996 ला फेरारीत गेला तेव्हा तिथं 1979 नंतर ड्रायव्हरचं विजेतेपद आलेलं नव्हतं. त्याच्या मागोमाग रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न हे त्याच्या जुन्या टीमचे मेंदूही आले. तरी विजेतेपदाला 2000 उजाडलं. फेटेलही तिथं 2015 ला गेला, 14 शर्यती जिंकला, विजेतेपद नाही. माणूस एकटा गेला की काय होतं ते हे.

एका जागी राहिलेले

नॉरिस 2019 पासून मॅकलारेनमध्ये. 2023 च्या सुरुवातीला ती गाडी तळाला होती, तो हलला नाही. 2024 ला टीमनं 1998 नंतर पहिल्यांदा टीमचं विजेतेपद घेतलं आणि 2025 ला नॉरिस स्वतः विजेता झाला, 423 विरुद्ध व्हर्स्टॅपनचे 421. दोन गुण. व्हर्स्टॅपन कमी चांगल्या गाडीत होता, हे मॅकलारेनवालेही खासगीत नाकारणार नाहीत. पण राहण्यालाही मोल असतं. लेक्लर्कही 2019 पासून फेरारीत आहे. त्याच्या 27 पोल (पात्रता फेरीत पहिला येऊन सगळ्यांपुढून सुटणं) आणि आठ विजय, यावरूनच कळतं की शनिवारी माणूस पुरतो, रविवारी टीम लागते.

टीमच धरायची असेल तर

मॅकलारेन, फेरारी धरायला कुणी सांगायची गरज नाही. नवं बघायचं असेल तर ऑडी. सॉबर टीम विकत घेऊन ती यंदा उतरतेय. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात, म्हणून आपल्याकडच्या पोरांना ती जवळची वाटते. हे नातं तेवढंच धरा, शर्यतीचं इंजिन जर्मनीत नॉयबुर्गला आणि गाडी स्वित्झर्लंडला हिनविलला बनते. जोडी मला आवडते. हुल्केनबर्ग, ज्याला पहिला पोडियम 239 व्या शर्यतीत, 2025 च्या सिल्व्हरस्टोनला मिळाला, आणि 2024 चा एफ-टू (एफ-वनच्या लगेच खालची स्पर्धा) विजेता बोर्टोलेटो. पहिल्या वर्षी विजयाची आशा धरू नका, चिडचिड होईल.

कॅडिलॅक ही अकरावी टीम. पेरेझ आणि बोटास मिळून 16 विजय आहेत, पण इंजिन सध्या फेरारीचं आणि सगळं शून्यातून उभारलेलं. पेरेझ रेड बुलबाहेर कसा चालतो, एवढ्यासाठी बघा.

आणि यंदा नियमच मुळापासून बदलताहेत. विजेवरची ताकद 120 किलोवॅटवरून 350 वर, गाडी 30 किलोनं हलकी, पुढचे-मागचे पंख सरळ रस्त्यावर आडवे होणारे. बॅटरी कुठं भरायची आणि कुठं उधळायची, हे लॅपभर डोक्यात ठेवावं लागेल. डोकं मोकळं असलेल्यांचं वर्ष आहे हे.

तर निवड अशी. दर रविवारी पुढे कुणीतरी आपलं दिसावं असं वाटत असेल तर मॅकलारेन घ्या, दोन्ही गाड्या वर असतात. पैसा-टीम बाजूला ठेवून ड्रायव्हिंग बघायचं असेल तर व्हर्स्टॅपन, यात मला शंका नाही. गोष्ट हवी असेल तर हॅमिल्टन. हळूहळू मुरत जाणारी आवड हवी असेल तर ऑडी. माझं म्हणाल तर मी ड्रायव्हर धरतो आणि टीमच्या टी-शर्टवर पैसे घालत नाही.

एवढ्यानंही ठरलं नाही तर थांबा. मार्चमध्ये मेलबर्नची शर्यत आपल्याकडे सकाळी साडेनऊला आहे, पण आदल्या दिवशीची पात्रता फेरी आधी बघा. हाजार व्हर्स्टॅपनच्या किती मागे, हॅमिल्टन लेक्लर्कच्या पुढे की मागे, बोर्टोलेटो हुल्केनबर्गला धरतो का, या तीन जोड्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा. पाच शर्यती असंच करा आणि मग टोपी विकत घ्या.