पॅराडाईज लॉस्ट: ड्रॅकोनियन टाइम्स ऐकू की होस्ट?

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा बँड, मूळचे डूम मेटलवाले (म्हणजे संथ, जड, उदास मेटल), आणि १९९५ चा ड्रॅकोनियन टाइम्स हा अल्बम म्हणजे त्यांचा एकदम भारी काळ, ग्रेगर मॅकिंटॉशची लीड गिटार नुसती रडत असते आणि वर निक होम्सचा खरखरीत आवाज. १९९९ चा होस्ट अल्बम बघा, सगळीकडे सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे आवाज, प्रोग्रॅम केलेले बीट, गिटार आहे पण इफेक्टमध्ये इतकी बुडालीय की शोधावी लागते, थेट डिपेश मोड या सिंथ-पॉप बँडच्या वाटेवर. मेटलवाले जाम भडकले. अरे पण उदासी तीच आहे ना! नवख्याने ड्रॅकोनियनच घ्यावा, मला मात्र रात्री हेडफोनवर होस्टच लागतो. होम्स-मॅकिंटॉशने नंतर होस्ट याच नावाने वेगळा सिंथवाला प्रोजेक्टही काढला, २०२३ मध्ये अल्बमसुद्धा आला.