निळ्या हायड्रेंजियाच्या नावाखाली गेलेले ९,८५० रुपये

मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि एका रोपे विकणाऱ्याने मला नेमके त्याच विषयात फसवले, हे लिहिताना हात जड होतो. घरच्यांनाही पूर्ण रक्कम मी आत्तापर्यंत सांगितली नव्हती. पण गप्प बसले तर येत्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनात तोच मनुष्य तीच पाकिटे आणखी कोणाच्या तरी गळ्यात मारील.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात एका मैदानावर भरलेल्या प्रदर्शनातून मी हायड्रेंजिया या गुच्छांनी फुलणाऱ्या झुडपाच्या सहा कुंड्या घेतल्या. चार निळ्या फुलांच्या होत्या आणि दोन पांढऱ्या. प्रत्येकी ८५० प्रमाणे ५,१०० रुपये झाले, 'रंगवर्धक' भुकटीच्या तीन पाकिटांचे प्रत्येकी ६४० प्रमाणे १,९२०, आणि घरपोच आणण्याचे ४८०. हे सगळे ७,५०० रुपये मी रोख दिले आणि बदल्यात मला एक हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली, जिच्यावर जीएसटी क्रमांक तर नव्हताच, पत्ताही नव्हता. कोणत्याही मातीत फूल कायम निळेच येईल आणि पांढरीही वर्षभरात निळी होतील, अशी तोंडी हमी मात्र मिळाली होती. २०१९ साली मुन्नारला चहाच्या मळ्यांच्या कडेने फुललेले निळे गुच्छ पाहिल्यापासून तो रंग माझ्या मनातून गेला नव्हता. शिवाय फुलांना वरून रंग फवारलेला नाही ना, हे मी पाकळी बोटांत चोळून पाहिले होते. निळा रंग खरा होता, म्हणून माझा विश्वास बसला.

तो खरा होता, पण तो त्या कुंडीतल्या मातीचा होता. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५.५ च्या खाली असला की ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात मुळांना मिळते, फुलातल्या डेल्फिनिडिन या रंगद्रव्याशी जोडले जाते आणि फूल निळे दिसते. सामू ६.५ च्या वर गेला की ॲल्युमिनियम मातीतच अडकून राहते आणि त्याच झाडाला गुलाबी फूल येते. या दोन्हींच्या मधे जांभळट छटा मिळतात. मुन्नारची माती चहाला मानवणारी, म्हणजे आम्लच. माझ्या गच्चीवर चुनखडीचे कण असलेली काळी माती आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरणारे बोअरचे पाणी. नंतर केलेल्या माती परीक्षणात सामू ७.९ निघाला. पांढऱ्या जातीत तर हे रंगद्रव्यच नसते, त्यामुळे काहीही घातले तरी ती निळी होत नाही. पांढरे झाड निळे करून देतो म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

मला कळायला हवे होते तो क्षण सप्टेंबरमधला. पहिले पाकीट मी बादलीत ओतले. पाण्याला नीळ घातल्यासारखा फिका रंग चढला आणि भुकटी तळाशी जाऊन बसली. काठीने ढवळले, ती पुन्हा बसली. ज्या ॲल्युमिनियम सल्फेटचे नाव त्याने मला सांगितले होते ते पाण्यात विरघळते. साधी तुरटीसुद्धा विरघळते, हे मी मुलांना दर वर्षी चंचुपात्रात करून दाखवले आहे. तरीही मी त्या बादलीकडे पाहत उभी राहिले, 'औद्योगिक प्रतीचे असेल' अशी स्वतःची समजूत घातली आणि तांब्याने ते पाणी सहाही कुंड्यांना घातले. त्या दिवशी तळाच्या गाळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले असते तरी पुढचे सगळे टळले असते. त्या महिन्यात घरात आजारपण होते, रात्री झोप नव्हती. तरीही तो गाळ मला दिसला होता, हे खरेच आहे.

मार्च २०२५ मध्ये चारही झाडांना गुलाबी फुले आली आणि दोन पांढरीच राहिली. मी फोन केला, तर 'डोस कमी पडला' म्हणून त्याने जास्त तीव्रतेच्या पाकिटाचे २,३५० रुपये मोबाइलवरून मागवले आणि मी ते पाठवले. आले ते तेच पाकीट, फक्त झाकण निळे. त्यावर व्हिनेगर टाकताच फेस आला. ती खडूची भुकटी होती, म्हणजे सामू वाढवून फूल गुलाबी ठेवणारी वस्तू मी सहा महिने निळ्यासाठी घालत होते. त्यानंतर त्याचा फोन बंद लागतो.

पोलीस ठाण्यात मला दोन तास बसवून ठेवले आणि 'फुलाचा रंग बदलला म्हणून गुन्हा नोंदवायचा का?' असे इतरांसमोर विचारले. फसवणूक रंगाची नाही, खोटी वस्तू विकल्याची आहे, हे तीनदा सांगूनही साध्या कागदावर अर्ज घेऊन मला परत पाठवले. पोच मागितली तेव्हा शिक्का मारणारा जेवायला गेला होता. प्रदर्शनाच्या आयोजकांनी 'आम्ही फक्त जागा भाड्याने देतो' म्हणत गाळेधारकाचा पत्ताही दिला नाही. कृषी कार्यालयात खत नियंत्रण आदेश, १९८५ चा हवाला दिला, तर पाकिटावर 'खत' हा शब्दच नाही, सबब ते खत नाही, असे उत्तर मिळाले. शब्द छापला नाही की तपासणीतून सुटका, हे विकणाऱ्याला माझ्या आधी ठाऊक होते. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. निवृत्त बाईने फुलझाडांसाठी हेलपाटे घालावेत याचेच सगळ्यांना नवल वाटत होते, नऊ हजार आठशे पन्नास रुपयांचे कोणालाही नाही.

मोबाइलवरून पैसे गेल्याचे लक्षात आले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी नऊ दिवस थांबले. पावतीशिवाय एक कुंडीही उचलू नका. निळा रंग हवाच असेल तर आधी माती तपासा, हाडांचा चुरा किंवा जास्त स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खत घालू नका, कारण स्फुरद ॲल्युमिनियम बांधून ठेवते, आणि खरे ॲल्युमिनियम सल्फेटही हात राखूनच घाला, नाहीतर मुळे जळतात.

निळ्या झाकणाचे पाकीट मी उरलेल्या भुकटीसह जपून ठेवले आहे, सोबत चिठ्ठी आणि पैसे पाठवल्याची नोंदही. ग्राहक आयोगाकडे घटनेपासून २ वर्षांच्या आत जाता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना एकत्र तक्रार करता येते. 'रंगवर्धक' असे हाताने लिहिलेले पाकीट ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते फेकू नये आणि मला कळवावे.