नामिबियाच्या धुक्यात सोलापुरी चादर

मे महिन्यात नामिबियासाठी बॅग भरताना सासूबाईंनी दोन सोलापुरी चादरी पुढ्यात ठेवल्या. वाळवंटात चादर कशाला, म्हणून मी एक परत ठेवली. तिथल्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड शहरात पोचलो तेव्हा भर दुपारी स्वेटर घालावा लागला, आणि ती दुसरी चादर मला रोज आठवली.

तिथल्या समुद्रात बेंग्वेला हा गार प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा थंडावते, धुकं दाटतं, पाऊस मात्र जवळजवळ नाहीच. भाड्याच्या गाडीच्या टपावर तंबू होता. सोबत मिळालेल्या झोपायच्या पिशव्या इतक्या पातळ की हेन्टीस बे या किनाऱ्यावरच्याच गावी पहिली रात्र आम्ही बसूनच काढली. दुसऱ्या रात्री चादर दोघांच्या अंगावर आडवी घेतली, वरून पिशव्या. डोळा लागला तो थेट उजाडेपर्यंत. वीण घट्ट आणि कापड जड, त्यामुळे ऊब टिकते आणि कूस बदलली तरी चादर सरकत नाही.

पण सूत धुकं पितं, हे खरं. तंबूच्या कापडाला टेकलेला काठ सकाळी पिळावा इतका ओला व्हायचा. तिथला रस्ता मिठाच्या पाण्याने चोपून केलेला, ओला असला की निसरडा. म्हणून धुकं विरेपर्यंत हे गाडी काढत नसत. तेवढ्या वेळात बॉनेटवर चादर वाळून जाई. लोकरीचं ब्लँकेट ओलं झालं असतं तर दिवसभर तसंच राहिलं असतं.

हेन्टीस बेच्या अलीकडे 2008 साली रुतलेली झैला ही मासेमारीची बोट अजून पाण्यात उभी आहे. तिच्यासमोर हीच चादर अंथरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. उठताना एकदा झटकली, वाळू गेली.

रंगाबद्दल मात्र तक्रार आहे. पहिल्याच धुण्यात मरून रंग सुटला, माझा पांढरा कुर्ता गेला. घेतल्यावर आधी वेगळी धुवा. आणि दोघांना एक पुरत नाही, मापाने मोठी घ्या.

केप क्रॉस या भूशिरावर 1486 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काओ याने दगडी क्रूस रोवला होता. आता तिथे हजारो सील पसरलेले असतात, आणि त्यांचा उग्र वास. आम्ही तासभर थांबलो, तेव्हा चादर मागच्या सीटवर होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी ती हातात घेतली, हुंगली आणि काही न बोलता बादलीत भिजत घातली.