माझे टायर, मेव्हण्याचे टायर: ११ महिने, दोघांचे मिळून ३१ हजार किलोमीटर

आधी गाड्यांचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. माझी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल. मेव्हण्याची पण स्विफ्ट झेडएक्सआयच, वर्षभर नंतरची. दोन्हीचं टायरचं माप एकच, १८५/६५ आर१५, आणि मार्च २०२५ मध्ये दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून चार-चार नवीन टायर टाकले. मी महागडे, ६,३०० चा एक. त्याने ४,६०० चा एक. दुकानातून घरी येईपर्यंत तो मला एकच गोष्ट ऐकवत होता, "दाजी, गोल काळं रबर आहे ते, सतराशे रुपये जास्त कशाचे दिले?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे.

ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की टायर राहतो बाजूला आणि देशी-विदेशीवरून जुंपते. तसंही नाशकात टायरवर बोलायला कोणाला कारण लागत नाही, सातपूरला सिएटचा कारखाना असल्यामुळे प्रत्येक कॉलनीत एक तरी काका टायरमधले जाणकार निघतातच. तर माझा टायर म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'मऊ' आणि मेव्हण्याचा 'कडक', पुढे हेच शब्द वापरतो.

मुळात टायर बदलायची वेळ का आली ते ऐका, कारण सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. गाडीसोबत आलेल्या टायरवर माझे सहा वर्षांत ४८ हजार झाले होते आणि नक्षी अजून थोडी शिल्लक होती, नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, माझी अडीचच्या आसपास भरली. म्हणजे कागदावर टायर पास. पण साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, जशा उन्हात पडलेल्या जुन्या चपलेला पडतात तशा, आणि आदल्या पावसाळ्यात द्वारका सर्कलला रिक्षाच्या मागे गाडी थांबता थांबता अशी काही सरकली की बायको आठवडाभर माझ्या गाडीत बसायला तयार नव्हती. टायर झिजून मेला नव्हता, म्हातारा होऊन मेला होता. माझ्यासारखे वर्षाला आठ-दहा हजार चालवणारे जे लोक आहेत ना, त्यांचं बहुतेकदा असंच होतं.

दुकान मुंबई नाक्याच्या बाजूला. पोऱ्याने टायर आणून टाकले, मी खाली बसून शिक्का बघितला तर ३४२३. हे चार आकडे बघायला विसरू नका, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष, म्हणजे २०२३ च्या ३४ व्या आठवड्यात बनलेला माल, दीड वर्ष गोडाऊनमध्ये पडलेला. मी म्हटलं हे नको. शेठ म्हणतो, "साहेब, टायर काय दूध आहे का नासायला?" त्याचं अगदीच चूक नाही, सावलीत नीट ठेवलेला टायर दीड वर्षात बाद होत नाही. पण भाव ताज्याचा घ्यायचा आणि माल शिळा द्यायचा हे कसं चालेल, आणि आत्ताच सांगितलं तसं माझा टायर वयाने मरतो, मग त्यातलं दीड वर्ष मी दुकानाला का देऊ? पाच मिनिटं तोंड वाकडं करून शेवटी आतून ०४२५ चे चार निघालेच. मग १९५/६५ टाका, मस्त बसतो, असा एक खडा टाकून बघितला त्याने, तोही परतवला. रुंदी वाढते आणि त्यासोबत उंचीपण वाढते (६५ म्हणजे उंची रुंदीच्या ६५ टक्के), एकूण व्यास दोनेक टक्के मोठा होतो, मग स्पीडोमीटर कमी दाखवणार आणि स्टिअरिंग जड होणार. स्विफ्टला १८५ बास आहे.

आता ग्रिप. कोरड्या रस्त्यावर खरं सांगू का, शहरात काडीचा फरक नाही. गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला चाळीसच्या स्पीडने चालवणाऱ्याने यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. फरक पाण्यात आहे, आणि तो मला हवेत बोलायचा नव्हता म्हणून जुलैच्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिकाम्या रस्त्यावर गेलो. भुरभुर पाऊस, रस्ता पूर्ण ओला, मागेपुढे कोणी नाही. विजेचा एक खांब धरला, ५० च्या स्पीडने यायचं, खांब आला की ब्रेक पूर्ण दाबायचा, आणि गाडी थांबली की खाली उतरून पावलं मोजायची. दोन्ही गाड्या मीच चालवल्या, दोघींत माणसं तेवढीच, दोघींत हवा तेवढीच. पाच-पाच वेळा केलं. माझी गाडी १९ पावलांच्या आसपास थांबत होती, त्याची २३, एकदा तर २४. माझं पाऊल साधारण पाऊण मीटरचं, म्हणजे फरक तीन मीटरचा. प्रयोगशाळा नाही ही, मान्य आहे, पण तीन मीटर म्हणजे पुढच्या गाडीची डिकी मागच्या सीटपर्यंत आत जाण्याएवढी जागा. तिसऱ्या फेरीला एक दूधवाले काका बाईक थांबवून बराच वेळ बघत होते, मग विचारतात, "काय हरवलं का भो?" मेव्हणा म्हणाला, सतराशे रुपये शोधतोय.

दुसरी जागा म्हणजे दिंडोरी रोड, द्राक्षाच्या सीझनमध्ये. बागेतून निघालेले ट्रॅक्टर चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत येतात, त्यावर टँकरचं पाणी पडलं की साबण. इथे मात्र दोन्ही टायर सारखेच घसरतात. मऊ टायर आहे म्हणून मी एका वळणावर जरा विश्वासाने गेलो आणि मागचा भाग हलला, तेव्हा कळलं की नक्षीत चिखल भरला की टायर कितीचा आहे त्याला काही अर्थ राहत नाही.

आराम म्हणाल तर इथे मला वाटलं त्यापेक्षा जास्त फरक निघाला. कुंभमेळ्याच्या तयारीत सध्या निम्मं शहर खोदलेलं आहे, रोजचा रस्ता म्हणजे कधी खड्डा, कधी खडी, कधी ओबडधोबड बुजवलेला चर. मऊ टायर हे सगळं गिळतो, धप्प असा एक आवाज येतो आणि संपतं. कडक टायरवर तोच चर स्टिअरिंगमधून मनगटापर्यंत येतो. आवाजाचा फरक समृद्धीवर कळला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून आम्ही मुंबईला बऱ्याचदा तिकडूनच जातो, आणि समृद्धी पूर्ण काँक्रीटची, तिथे कुठलाही टायर डांबरापेक्षा जास्त ओरडतो. त्यात इगतपुरीच्या पुढे तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. बोगद्यात काचा बंद करून मेव्हण्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो होतो तर सासूबाईंना पुढच्यांशी बोलताना आवाज चढवावा लागत होता, एकसारखी घूंऽऽ चालू. माझ्या गाडीत त्याच बोगद्यात त्या झोपल्या होत्या. अर्थात त्या कसारा घाटातही झोपतात, त्यामुळे हा पुरावा किती धरायचा ते तुम्ही ठरवा.

आता मऊ टायरचं दुखणं. सप्टेंबरच्या शेवटी रात्री पाथर्डी फाट्याच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, पुढचं डावं चाक आत गेलं. आवाज फार नाही, अलॉयला काही नाही, मी पण निवांत. चार दिवसांनी गाडी धुताना साईडवॉलवर हात फिरला आणि लिंबाएवढा फुगा हाताला लागला. आतले दोरे तुटले की हवा तिथून रबराला बाहेर ढकलते, तोच हा फुगा, आणि याला पंक्चरसारखं रिपेअर नसतं, टायर सरळ फेकायचा. वॉरंटीत बसत नाही, आदळून झालेलं नुकसान म्हणून हात वर करतात. मेव्हण्याने त्याच महिन्यात असेच दोन खड्डे खाल्ले, त्याच्या टायरला ओरखडासुद्धा नाही. म्हणजे जो मऊपणा मी आराम म्हणून मिरवत होतो त्याचंच हे बिल.

बिलावरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ऑक्टोबरमध्ये तोच टायर मला ५,८०० ला पडला, म्हणजे मार्चमध्ये थांबलो असतो तर चार टायरमागे दोन हजार वाचले असते. मेव्हण्याला हे मी अजून सांगितलेलं नाही, त्याचे पण गेलेच की. एकच टायर नवीन असल्यामुळे तो मागे टाकला, कमी झिजलेला टायर मागे असलेला बरा, ओल्यात गाडीची शेपूट सुटली तर आपल्यासारख्याला सावरत नाही.

झीज मी दीडशे रुपयांच्या गेजने मोजतो. नवीन असताना दोन्हीची नक्षी ८ मिलिमीटर. माझे ९,४०० किलोमीटर झाले, जुने तीन टायर ६.६ वर आहेत. त्याचे २२ हजार झाले, ६ वर आहेत. असंच झिजत गेलं तर माझा टायर ४३ हजाराच्या आसपास संपेल आणि त्याचा ७० हजाराला. किलोमीटरमागे त्याला पडतात २६ पैसे, मला फुग्याचा टायर धरून ७२ पैसे. ऐकायला जवळपास तिप्पट. पण मी ७० हजार करायला आठ-नऊ वर्षं घेणार, तोपर्यंत रबराला परत त्याच चिरा पडणार, मग ते जास्तीचे किलोमीटर मला मिळणारच नाहीत, नुसतेच दुकानात वाचायला. माझे ४३ हजार साधारण पाच वर्षांत होतात, टायर म्हातारा व्हायच्या आत संपतो. मेव्हणा औषधांच्या ऑर्डरी घेत मालेगाव, येवला, संगमनेर करत फिरतो, वर्षाला २४-२५ हजार, त्याचा टायर तीन वर्षांत झिजूनच जाणार, त्यामुळे त्याला कडकच परवडतो. फक्त मी त्याला एवढं सांगितलंय की पावसाळ्यात पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेव, ते तीन मीटर तुलाच भरून काढायचे आहेत.

मायलेजमध्ये दोघांनाही फरक जाणवला नाही.

पुतण्या जर्मनीत असतो, तो विचारत होता काका समर टायर टाकले का. म्हटलं बाबा आपल्याकडे बाराही महिने समरच. तिकडे सात डिग्रीच्या खाली समर टायरचं रबर कडक पडतं म्हणून थंडीत वेगळा सेट लावतात. त्या हिशोबाने निफाडवाल्यांनी जानेवारीत पहाटेपुरते विंटर टायर लावायला हरकत नाही.

हवेचं एक सांगायचंच होतं. नवीन टायर लावल्यावर पहिले दोन आठवडे मला माझा 'मऊ' टायर बैलगाडीसारखा वाटत होता, आणि मेव्हणा खुशीत. मग हवेचा गेज लावला तर दुकानातल्या पोराने चाळीस पीएसआय भरून ठेवलेले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याप्रमाणे केली आणि गाडी बदलली. नायट्रोजनला मी पैसे देत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मे महिन्यात मात्र दुपारी हायवेवरून आल्यावर गेजवर तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतात, ते घाबरून काढू नका, सकाळी टायर गार झाला की परत जागेवर येतात. हवा सकाळीच बघायची, गाडी हलवायच्या आधी.

परत घेईन का, तर हो, हाच घेईन, पण आता रात्री पाणी साचलेलं दिसलं की मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, मी पहिल्या गिअरवर येतो. दहा हजार किलोमीटरचं रोटेशन (टायरची पुढे-मागे अदलाबदल) आणि अलाइनमेंट पुढच्या महिन्यात आहे, मोजमाप परत घेतलं की इथेच खाली टाकतो.