गुलाबावर गंधक मारू की कॉपर? आधी पान बघा

नाशिकमधे गुलाबाच्या औषधासाठी लांब जावं लागत नाही. द्राक्षामुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गंधक आणि मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) मिळतंच, शिवाय निफाड-पिंपळगावकडचे पाहुणे उरलेली पुडी आणून देतात, पण कुठलं कशावर मारायचं इथंच सगळा घोळ होतो.

कोवळ्या पानांवर आणि कळीच्या देठावर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं, पानं मुडपलेली, तर ती भुरी. आपल्याकडे दिवाळीनंतर दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारठा सुरू झाला की ती जोर धरते. (द्राक्षाची भुरी उडून गुलाबावर येते म्हणतात ते काही खरं नाही, दोन्हींच्या बुरशा वेगळ्या, औषध मात्र दोन्हींना तेच चालतं.) खालच्या जुन्या पानांवर वेड्यावाकड्या कडेचे काळे डाग, भोवती पिवळं आणि पानगळ असेल तर ब्लॅक स्पॉट, हा पावसाळ्यातला, पान सलग ७ तासांच्या आसपास ओलं राहिलं की लागतो. डाग नसताना खालची पानं नुसतीच पिवळी पडत असतील तर औषध राहू द्या, कुंडीचं भोक तुंबलंय का बघा.

भुरीला गंधकच. ८०% वाली पाण्यात मिसळणारी पावडर, लिटरला २ ग्रॅम, स्वस्त आणि वर लाल कोळी ही बारीक कीडही थोडी आटोक्यात राहते. पण पारा ३२ च्या वर असेल तर पानं करपतात, म्हणजे एप्रिल-मे मधे नाहीच, आणि नीम तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या.

ब्लॅक स्पॉटला कॉपर, तेही पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून, कारण डाग पडलेलं पान काही परत नीट होत नाही, ते तोडून कचऱ्यातच टाका, कुंडीत पडू देऊ नका. कॉपरचं घरी करायचं मिश्रण बोर्डो, म्हणजे १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवायचा, आणि त्याच दिवशी संपवायचं. गच्चीवरच्या दहा-पंधरा कुंड्यांसाठी एवढी उठाठेव कोण करणार? त्यापेक्षा कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला २.५ ग्रॅम. बोर्डोची पेस्ट (तेच मिश्रण, कमी पाण्यात घट्ट) मात्र छाटणीनंतर कापांना लावायला मस्त, शेंड्याकडून काळी पडत खाली येणाऱ्या काडीला तर फवारणीचा उपयोगच नाही, हिरव्या भागापर्यंत कापा आणि वर पेस्ट.

दुकानदार बहुतेक वेळा हेक्झाकोनॅझोल हातात देईल, ते पानात शिरून काम करतं आणि दोन्ही रोगांवर चालतं, पण सारखं तेच मारलं की बुरशी दाद देईनाशी होते. हाताबाहेर गेलं तरच वापरा, लेबलवर लिहिलंय तेवढंच. पाकळ्यांचा गुलकंद घालणार असाल तर अजिबात नको.