आठ महिने, एकच टाका: मुक्या खांबाचा अनुभव

क्रोशाची सुई हातात धरली त्याला आठ महिने झाले आणि एवढ्या काळात मला येतो तो एकच टाका. सिंगल क्रोशे, म्हणजे मुका खांब. (नुसता 'खांब' म्हणजे त्याहून उंच टाका, डबल क्रोशे.) "खांब शिकून घे, काम भराभर वाढतं," असं दोघीतिघींनी सांगून पाहिलं, पण मी आपली मुक्या खांबालाच धरून बसले. थोडं हट्टापायी, बरंचसं आळसापायी. त्यातून काय जमलं आणि कुठे हात पोळले (एकदा तर खरोखरच) ते लिहिते.

टाका सांगायला दोन वाक्यं पुरतात. सुई खालच्या टाक्यात घालायची, दोरा आकड्यात पकडून बाहेर ओढायचा, की सुईवर दोन फासे होतात. मग पुन्हा दोरा घ्यायचा आणि दोन्ही फाशांतून एका दमात काढायचा. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा, आणि पहिले काही दिवस माझं सगळं भांडण त्या आकड्याशीच होतं. निम्मा दोरा आकड्यात, निम्मा बाहेर. पायाची साखळी (पहिल्या ओळीखालची फाशांची रांग) मी इतकी आवळून घालायचे की पहिल्या ओळीत सुई शिरायचीच नाही. त्यावर उपाय सोपा निघाला: साखळी एक माप मोठ्या सुईने घालायची आणि पुढचं काम नेहमीच्या सुईने करायचं. मला 5 मिमीची सुई आणि मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, गुळगुळीत लोकर मानवली. सुरुवात मी काळ्या केसाळ लोकरीने केली होती. त्यात टाके दिसत नाहीत, आणि चुकलं तर उसवताही येत नाही, कारण तंतू एकमेकांत अडकून बसतात. शिकताना विणण्यापेक्षा उसवणं जास्त होतं, तेव्हा उसवायला सोपी लोकर घ्या.

खरी रखडपट्टी झाली ती चौकोनात. नुसतं पुसायचं फडकं, त्यात काय एवढं? 21 साखळ्या घालायच्या, सुईजवळची पहिली सोडायची, 20 मुके खांब घालायचे, काम उलटून परत तेच. माझं फडकं मात्र वर जाता जाता निमुळतं व्हायचं. तीनदा केलं, तिन्ही वेळा देवळाच्या शिखरासारखं. मला वाटलं हात घट्ट पडतोय, म्हणून मुद्दाम सैल विणलं. मग सैल शिखर झालं.

मावशी आली होती, तिने ते उचलून पाहिलं आणि विचारलं, "अगं, मोजतेस की नुसतीच विणतेस?" मोजले तर 20 चे 13 उरले होते. तिने सुईच्या टोकाने वरची कड दाखवली. टाक्यांच्या डोक्यावर आडवी वेणी घातल्यासारखी दिसते, आणि वेणीची एक गुंफण म्हणजे एक टाका. सुई त्या गुंफणीच्या दोन्ही पदरांखालून जायला हवी. ओळीतली शेवटची गुंफण कडेवरून किंचित पलीकडे कललेली असते, त्यामुळे ती टाका नसून कडच आहे असं वाटतं. मी ती दर एकदोन ओळींना सोडून देत होते. शिवाय अधूनमधून ओळीच्या सुरुवातीचा टाकाही गाळत होते, कारण मी पाहिलेला व्हिडिओ खांबाचा होता. खांबाला ओळ उलटताना तीन साखळ्या घालतात आणि त्या बहुधा एक खांब म्हणून धरतात, म्हणून पहिलं घर (खालच्या ओळीतला पहिला टाका) सोडायचं असतं. मुक्या खांबाला एकच साखळी, आणि ती मोजायची नसते. पहिला टाका अगदी पहिल्याच घरात. म्हणजे हाताला दोष देत मी पंधरवडा घालवला आणि चूक होती डोळ्यांची. त्या दिवसापासून ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवते. टाक्यात अडकवायचे विकतचे मार्कर आणले होते, ते सोफ्याखाली गेले.

ती गुंफण एकदा दिसायला लागली की टाका आलाच. मला आठ महिन्यांत मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. फोन वाजला, चार दिवस काम बाजूला पडलं, तरी कुठे होते ते आता विणीवरूनच कळतं.

गोलाचं गणित वेगळं आहे, पण मजेदार. मॅजिक रिंगमध्ये (दोऱ्याच्या ओढून आवळता येणाऱ्या फासात) 6 टाके, दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन म्हणजे 12, मग 18, 24, 30. दर फेरीला 6 वाढले की चकती सपाट राहते. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. माझा पहिला कोस्टर कोबीच्या पानासारखा झाला होता, कारण मी उत्साहात प्रत्येक फेरीत वाटेल तिथे दोन-दोन टाके घालत सुटले. नंतर कळलं की हीच 'चूक' गणितात कामाला आली आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी 1997 मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत हायपरबोलिक प्रतल (कडेकडे झालरीसारखं पसरत जाणारं पृष्ठ) क्रोशाने विणून दाखवलं, विद्यार्थ्यांना ते हातात घेऊन पाहता यावं म्हणून. माझ्या कोस्टरवर मात्र कप डुगडुगायचा. आणखी एक: वाढीव टाके दर फेरीत एकाच जागी आले तर गोलाचा षटकोन होतो. एक फेरी आड त्यांची जागा थोडी सरकवायची.

हात पोळल्याची गोष्ट. उरलेल्या ॲक्रिलिक लोकरीचं मी गरम भांडी धरायला फडकं केलं. दिसायला झकास. पहिल्याच दिवशी ते भांड्याच्या कडेला चिकटलं आणि बोटाला चटका बसला. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, उष्णतेने वितळतं. अशा कामाला सुतीच दोरा हवा, आणि दोन थर एकमेकांना जोडून, कारण एका थरातून टाक्यांच्या फटींमधून उष्णता येते.

मग टोपली. इथे मला नावांच्या घोळाने गंडवलं. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकी डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. माझा नमुना ब्रिटिश होता. 'डबल' वाचून मी शेजारणीकडून खास खांब शिकून आले (तो नंतर विसरलेही), आणि टोपली झाली ती उंच, लुळी, भोकाभोकांची. हल्लीच्या नमुन्यात कुठेही 'सिंगल' हा शब्द आला तर तो अमेरिकी समजावा. हल्लीच्या ब्रिटिश नावांत सिंगल क्रोशे सहसा नसतोच. तीच टोपली मुक्या खांबाने केली तेव्हा ताठ उभी राहिली. बुडाला 10 फेऱ्या, म्हणजे 60 टाके, आणि मग न वाढवता वर. भिंतीची पहिली फेरी गुंफणीच्या फक्त मागच्या पदरातून घातली की बुडाला छान धार येते. चार्जर, चष्मा, किल्ल्या, सगळं त्यात पडलेलं असतं.

आता तक्रारी. मुका खांब कमालीचा हळू वाढतो आणि लोकर खातो. ताठपणा टोपलीत गुण, मफलरमध्ये दुर्गुण. माझा मफलर गळ्याभोवती पुठ्ठ्यासारखा उभा राहायचा. दोन मापं मोठ्या सुईने पुन्हा केला तेव्हा जरा नमला, पण खांबाची सळसळ त्यात नाही. हेअरबँडला मात्र सगळ्या ओळी मागच्या पदरातून घातल्या की उभ्या पट्ट्या पडतात आणि वीण चक्क ताणली जाते. खेळण्यांना तर याच्याशिवाय पर्याय नाही. जपानी अमिगुरुमीचं (विणलेल्या छोट्या बाहुल्या-प्राण्यांचं) बहुतेक काम याच एका टाक्यात चालतं, फक्त सुई लहान घ्यायची, नाहीतर पोटातला कापूस टाक्यांमधून डोकावतो. माझ्या सशाचा डोकावतो.

मनगटाबद्दल कुणी आधी सांगितलं नव्हतं. पेन्सिलसारखी सुई धरून सलग दोन तास बसले की दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं मूळ ठणकायचं. सुरीसारखी वरून धरायला लागले, रबरी मुठीची सुई घेतली आणि अर्ध्या तासाने उठते. दुखणं गेलं, वेग मात्र तोच.

फडकी कित्येक महिने धुऊन धुऊन वापरात आहेत, वीण जशीच्या तशी. एकाचं मात्र टोक दुसऱ्याच धुण्यात निघून आलं, कारण मी नुसती गाठ मारून कात्री लावली होती. आता वीतभर दोरा सोडते आणि बोथट सुईने टाक्यांच्या आतून एकदा पुढे, एकदा मागे, परत पुढे असा ओवून मगच कापते. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर फडकं परत हातात येतं.

सध्या टोपलीचं झाकण चाललंय. सातवी फेरी, 42 टाके हवेत. आत्ता मोजले, 41 भरले. उसवायला घेते.