हेडलाइटचा रिले हार्नेस: घ्यावा, पण वायर न कापता

गाडीच्या एच४ बल्बसाठी (हाय आणि लो बीम एकाच बल्बमध्ये) मिळणारा कपलर-टू-कपलर, म्हणजे प्लगला प्लग जोडून बसणारा, रिले हार्नेस (रिले लावलेला तयार वायरिंगचा संच) पैसे वसूल करणारी वस्तू आहे. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मूळ वायरिंगमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, बल्बला करंट थेट बॅटरीवरून मिळतो. व्होल्टेज कमी पडत नाही, त्यामुळे कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्बही चांगला उजळतो.

घेताना सिरॅमिक होल्डर, ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले आणि बॅटरीच्या टोकाशी फ्यूज एवढं बघाच. फ्यूज बॅटरीपासून लांब असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर वाचवायला काहीच नसतं.

वॉरंटीचं म्हणाल तर एका हार्नेसमुळे सगळी वॉरंटी सहसा जात नाही. गिअरबॉक्सच्या दोषाशी त्याचा काय संबंध? पण वायर कापून टेप गुंडाळलेली दिसली, की वायरिंग, स्विच, बीसीएम (दिवे वगैरे चालवणारं गाडीचं कंट्रोल युनिट) यांचा क्लेम अडतो. १००/९० वॅटचे बल्ब तर नकोच: हाय बीमला दोन बल्ब १६ अँपिअरच्या वर खेचतात, रिफ्लेक्टर तापून काळवंडतो. हार्नेस बसवल्याची सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) नोंद मागा, मूळ कपलर जपून ठेवा.